पत्र्याच्या खोलीत राहिलेली जुनी काडतुसे वापरावीत का?

बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले आहे की, आजोबांच्या वेळची बारा बोअरची काडतुसे आणि त्याच डब्यात बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची थोडी काडतुसे वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीतील ट्रंकेत निघाली आहेत. खोली पावसाळ्यात गळते, ट्रंकेला लागून खताची पोती रचलेली असतात आणि काही काडतुसे कातडी पट्ट्यात वर्षानुवर्षे तशीच खोचलेली राहिली आहेत. दुनळी बंदुकीचा परवाना आता वडिलांच्या नावावर आहे आणि रानडुकरे मका, भुईमूग उद्ध्वस्त करत आहेत. म्हणून त्यांची विचारणा अशी की, दोन-तीन बार उडवून पाहावेत आणि ते नीट वाजले तर उरलेली काडतुसे वापरायला काय हरकत आहे?

माझे उत्तर आधीच सांगतो. ही काडतुसे वापरू नका, आणि पारखण्यासाठीसुद्धा उडवू नका. बंदुकांच्या विक्रीचा आणि दुरुस्तीचा परवानाधारक व्यवसाय मी सोलापुरात वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि आजही तोच करतो. हा प्रश्न घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा काडतूस उडेल की नाही एवढेच विचारतो. पण काळजी करण्यासारखी गोष्ट ती नाही. काडतूस मुळीच उडाले नाही तर डुक्कर पळून जाते आणि आपण घरी परततो. नीट उडाले तर प्रश्नच उरत नाही. घात होतो तो काडतूस अर्धवट किंवा उशिरा उडाले तर, किंवा नेहमीपेक्षा जास्त दाबाने उडाले तर. या तिन्हीपैकी कोणता प्रकार आपल्या हातातल्या काडतुसात दडला आहे, हे ते बाहेरून पाहून मलाही सांगता येत नाही.

त्याबरोबर हेही सांगायला हवे की, जुने म्हणजे निकामी असा नियम नाही. दुसऱ्या महायुद्धात तयार झालेली, बंद डब्यात कोरड्या आणि थंड जागी राहिलेली लष्करी काडतुसे कित्येक दशकांनंतरही व्यवस्थित उडाल्याचे जगभरचे नेमबाज जाणतात. उलट चार-पाच उन्हाळे पत्र्याखाली काढलेली त्या मानाने नवी काडतुसे मी परत पाठवलेली आहेत. म्हणून माझ्याकडे कोणी डबा घेऊन आले की मी साल नंतर विचारतो. आधी विचारतो की डबा कोणत्या खोलीत होता, वर छत कशाचे होते, शेजारी काय ठेवले होते आणि मधल्या काळात तो कोणी हलवला होता का. काडतूस टिकले की बिघडले, हे ते कुठे राहिले यावर अवलंबून आहे, आणि तुम्ही जी जागा वर्णिली आहे तिच्यात काडतुसाला बाधणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट उष्णता. काडतुसातील बिनधुराची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते, आणि हा पदार्थ तयार झाल्या दिवसापासून अतिशय सावकाश विघटित होत असतो. विघटनातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि तेच वायू पुढचे विघटन आणखी वेगाने घडवतात. म्हणून कारखान्यात दारूमध्ये डायफिनायलअमाइनसारखा स्थिरकारक मिसळतात, जो हे वायू शोषून घेतो. हा स्थिरकारक मोजका असतो. तो संपला की दारूला आवर घालणारे काही उरत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले तर अशा विघटनाचा वेग दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वाढतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर सावलीतच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात. तेव्हा दुपारी पत्र्याखालच्या बंद खोलीत आणि त्यातल्या लोखंडी ट्रंकेत काय होत असेल ते तुम्ही रोज अनुभवता. अशा दुपारी ज्यांनी वर्षानुवर्षे काढल्या, त्या दारूत स्थिरकारक किती शिल्लक आहे हे प्रयोगशाळेशिवाय कळणार नाही.

बिघडलेल्या दारूची खूण कधीकधी दिसते. डबा उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो, तांबूस धूर किंवा तांबूस भुकटी दिसते, गोळी आणि पितळी नळकांडे, म्हणजे काडतुसाचे कवच, जिथे मिळतात त्या कडेला आतून बाहेर आलेली हिरवी कीट दिसते. यातले काहीही दिसले तर ते काडतूस आतून आम्लाने खाल्ले जात आहे. पण खूण दिसली नाही म्हणजे दारू चांगली आहे, असा उलटा अर्थ काढू नका. बाहेरून चकचकीत आणि आतून कुरतडलेले पितळ मी पाहिले आहे. खराब झालेली दारू पुष्कळदा मंद जळते, पण तिचे दाणे भुगा झाले तर ती एकदम जळून दाब वाढवूही शकते. आणि त्याच वेळी नळकांड्याचे पितळ कमकुवत झालेले असले तर तो दाब मागच्या बाजूने, म्हणजे उडवणाऱ्याच्या तोंडाकडे, वाट काढतो.

दुसरी गोष्ट ओल. आपल्या भागात जुन्या माळवदाच्या घरात काडतुसे देवळीत किंवा फडताळात असत, आणि माळवद गळायला लागले की पहिली ओल भिंतीतच उतरत असे. पत्र्याच्या खोलीत प्रकार थोडा वेगळा असतो: दिवसा तापलेला पत्रा रात्री गार पडला की आतल्या बाजूला दव धरते आणि ते थेंब ट्रंकेवर पडतात. आजोबांच्या वेळची बारा बोअरची काडतुसे बहुधा कागदी नळकांड्याची असतील. ओल लागली की कागद फुगतो, काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, अडकून बसते, आणि मग लोक ते अंगठ्याने दाबून किंवा वरून घासून बसवू पाहतात. तसे कधीही करू नये. बसत नसलेले काडतूस हे नाकारण्याचे सर्वात सरळ कारण आहे. तळाची वाटी पितळेच्या मुलाम्याच्या लोखंडी पत्र्याची असेल तर ती गंजते, आणि ज्या भागाने मागचा दाब रोखायचा तोच भाग पातळ होतो.

आतले नुकसान याहून अधिक असते. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये जुन्या काडतुसात नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, किंवा पुठ्ठ्याची चकती असे. तिला कसर लागते किंवा ती कुजते, आणि मग दारूचा वायू छर्ऱ्यांच्या मागे कोंडला न जाता त्यांच्यातून निसटतो. शिशाचे छर्रे ओलीने पांढरे पडतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा बनतो. असा गोळा पसरत नाही. एकच जड ढेकूळ होऊन जातो आणि छर्रे जिथपर्यंत जातील असे तुम्ही धरले आहे त्याच्या पुष्कळ पुढे जाऊन पडतो. वस्तीच्या पलीकडे दुसरी वस्ती असते, बांधावर माणसे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे यातला धोका समजतो.

टोपीचे म्हणायचे तर, काडतुसाच्या तळाशी असलेल्या त्या छोट्या टोपीतला मसाला ओलीला सर्वात आधी बळी पडतो. टोपी पुरती मेली तर बार होत नाही. अर्धमेली असली तर तिची ठिणगी दारू पूर्ण पेटवू शकत नाही, किंवा क्षणभर धुमसून मग पेटवते. जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. क्लोरेटच्या बाराने नळीत राहणारा क्षार हवेतली ओल ओढून नळी गंजवतो, आणि पारा पितळाला ठिसूळ करतो. म्हणजे काडतूस बिनधोक वाजले तरी आजोबांच्या दुनळीचे नुकसान होऊ शकते.

तिसरी गोष्ट तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेला आहात, पण मला ती सर्वात महत्त्वाची वाटली: खताची पोती. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील पलटणींची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवत असत, आणि पावसाळा संपल्यावर पाहावे तर पितळी नळकांड्यांना भेगा पडलेल्या असत, विशेषतः जिथे नळकांडे आवळून गोळीवर बसवलेले असते तिथे. कारण बरीच वर्षे कळले नव्हते. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळ ओढून घडवताना त्यात उरलेला ताण, या दोहोंमुळे पितळ तडकत होते. युरिया ओला झाला की त्यातून अमोनिया सुटतो. गोठ्यातही तेच. म्हणून ज्या खोलीत खताची पोती आहेत किंवा जिला लागून गोठा आहे, तिथली पितळी काडतुसे मी भिंगाखाली धरतो आणि तोंडाच्या कडेला केसासारखी उभी रेघ दिसते का ते पाहतो. तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांना हा धोका बारा बोअरपेक्षा जास्त आहे, कारण त्यांचे नळकांडे पूर्ण पितळी असते.

कातडी पट्ट्याविषयी एवढेच की, कमावलेल्या कातड्यातील आम्ले पितळावर हिरवी कीट चढवतात, आणि पट्टा खुंटीला महिनोन्महिने लटकला की ती कीट वाटीच्या कडेला घट्ट बसते. पट्टा रानात जाताना बांधायचा असतो. परत आल्यावर काडतुसे काढून डब्यात ठेवायची असतात.

आता तुमच्या मूळ कल्पनेकडे, म्हणजे दोन-तीन बार उडवून पाहण्याकडे येतो. भाताची परीक्षा शितावरून होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो. ट्रंकेतली काडतुसे तशी नसतात. वरच्या थरावर थेंब पडलेले असतात, तळाशी ओल धरलेली असते, मधली कोरडी राहिलेली असतात, आणि बहुतेक वेळा ती एका वर्षाची किंवा एका कारखान्याचीही नसतात. तीन वाजली यावरून चौथ्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. उलट त्या तीन बारांनी मनात जो भरवसा तयार होतो, तोच पुढे घात करतो.

हे कसे घडते ते एका दुनळीवरून सांगतो. मंगळवेढ्याकडचे एक गृहस्थ नळी "जरा अडते" म्हणून ती घेऊन आले. मी नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली तेव्हा मधोमध एक काळपट कडे दिसले, सावलीचे असावे तसे. बाहेरून बोट फिरवले तर त्याच जागी नळी किंचित फुगलेली हाताला लागत होती. विचारपूस केल्यावर कळले की जुन्या काडतुसांपैकी एक "फुसके" गेले होते, आवाज दबका आला होता, धक्का लागला नव्हता, आणि डुक्कर समोर असल्यामुळे त्यांनी लगेच त्याच नळीत दुसरे भरून उडवले. पहिल्या काडतुसातली नमद्याची चकती नळीतच अडकून राहिली होती, दुसऱ्याचा दाब तिच्यावर आदळला आणि नळी फुगली. त्यांच्या नशिबाने पोलाद चांगले होते. पातळ भिंतीच्या जुन्या नळीत हाच प्रकार झाला असता तर नळी फाटून पुढच्या हाताची बोटे गेली असती. ती नळी पुन्हा वापरण्याजोगी करता येत नाही; मी तसे लिहून दिले.

रिव्हॉल्व्हरमध्ये हे आणखी वाईट, कारण तिथे घन गोळी नळीत अडकते आणि चाप पुन्हा ओढायला क्षणही लागत नाही. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी लागला, धूर विचित्र दिसला, तर तिथेच थांबायचे, शस्त्र रिकामे करायचे आणि नळी आरपार मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. हा नियम नव्या काडतुसांनाही लागू आहे.

आणि काडतूस उडालेच नाही तर काय करायचे, हे तुमच्या वडिलांना जरूर सांगा, कारण नव्या काडतुसातही क्वचित ही वेळ येते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला तसेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. मी पूर्ण मिनिट थांबतो. उशिरा पेटणारे काडतूस बहुधा क्षणार्धातच पेटते, पण बंदूक उघडली आणि तेव्हा पेटले तर वाटी तोंडावर येते. त्यानंतर चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडावी आणि टोपीवरचा ठसा पाहावा. ठसा खोल आणि मधोमध असेल तर दोष काडतुसाचा. ठसा उथळ किंवा कडेला असेल तर दोष बंदुकीचा असण्याची शक्यता अधिक: स्प्रिंग ढिली झालेली असते, फायरिंग पिन झिजलेली असते किंवा जुने ग्रीस आत गोंदासारखे घट्ट झालेले असते. बरेच लोक या दुसऱ्या कारणाने चांगली काडतुसे टाकतात आणि वाईट बंदूक ठेवतात. म्हणून दुनळी एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवून घ्या.

आपल्याकडे काडतुसे सुधारण्याचे काही घरगुती उपाय प्रचलित आहेत, ते सगळे सोडून द्या. ऊन दाखवल्याने टोपीतला बिघडलेला मसाला पूर्ववत होत नाही. उष्णतेने दारूचे आयुष्य मात्र आणखी कमी होते. कीट काढण्यासाठी मशीनचे किंवा खोबरेल तेल लावू नका, कारण तेल टोपीच्या कडेने आत झिरपते आणि चांगली टोपीही मारते. कानाशी धरून हलवल्याने दारूविषयी भरवशाचे काही कळत नाही. काडतूस फोडून आतली दारू काढणे तर मुळीच नको. डब्यात बारा बोअरबरोबर वीस बोअरचे एखादे मिसळलेले नाही ना, हेही पाहा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते, आणि मागून बारा बोअरचे उडवले तर नळी फुटते. आजोबांची ठासणीची बंदूक किंवा सुट्टी काळी दारू ट्रंकेत असेल तर तिला हातही लावू नका: काळी दारू ओलीने मंदावते, पण वाळली की पुन्हा तितकीच भडकते आणि तिला एक ठिणगी पुरते.

कायद्याची बाजू उडवून लावण्याजोगी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवान्यावर ज्या बोअरचे शस्त्र आहे त्याचीच काडतुसे, आणि परवान्यात लिहिलेल्या संख्येइतकीच, जवळ ठेवता येतात. वडिलांच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर नसेल तर बत्तीस बोअरची काडतुसे, चांगली असोत की वाईट, घरात ठेवता येणार नाहीत. वारसाहक्काने सापडलेली वस्तू असली तरी ताबा कायदेशीर राहिला नसेल तर ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा तसा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. स्वतःहून जमा करणाऱ्याची परिस्थिती आणि झडतीत सापडणाऱ्याची परिस्थिती यांत मोठा फरक पडतो. रानडुक्कर मारण्याचा विषय वेगळा आहे: तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, शस्त्राचा परवाना त्याला पुरत नाही.

विल्हेवाटीचा मोह टाळा. काही जण अशी काडतुसे विहिरीत टाकतात, बांधात पुरतात किंवा पाचटाबरोबर जाळतात. आगीत पडलेले सुटे काडतूस फुटते आणि नळकांड्याचे तुकडे उडून डोळ्यांना इजा होते. पुरलेले काडतूस पुढे नांगराच्या फाळाला लागते किंवा पोरांच्या हाती येते.

नवी काडतुसे महाग पडतात हे खरे आहे, पण पिकाच्या राखणीला वर्षाला लागतात तरी किती? लागतील तेवढीच घ्या, खोक्यावर खरेदीचा महिना आणि वर्ष लिहा, आधी घेतलेली आधी वापरा. ती पत्र्याच्या खोलीत न ठेवता पक्क्या घरातल्या सर्वात थंड खोलीत, जमिनीपासून थोडी वर, कुलूपबंद कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्या पावसाळ्याआधी बदला. भर पावसात डबा भरून बंद केला तर ओलही त्याच्यासोबत आत कोंडली जाते, म्हणून हे काम कोरड्या हवेच्या दिवशी करा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेली काडतुसे तापलेली असताना उडवू नका, कारण तापलेली दारू जास्त दाब देते.

ट्रंकेतल्या काडतुसांचे काम या आठवड्यातच उरका. आंबूस वास किंवा तांबूस भुकटी असेल तर डबा हलवू नका, खोलीला कुलूप लावून पोलिसांना कळवा आणि ते येईपर्यंत मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. तसे काही नसेल तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आधी फोन करून कोणत्या वेळी यावे ते विचारा. वडिलांनी स्वतः जावे, परवान्याचे पुस्तक आणि आजोबांच्या जुन्या परवान्याचा कागद सापडला तर तोही बरोबर न्यावा, दुनळी घरीच ठेवावी. काडतुसे बोअरप्रमाणे वेगळी करून पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकमेकांवर आपटणार नाहीत अशी ठेवावीत, प्रत्येक प्रकारची संख्या कागदावर लिहावी आणि जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच घेऊनच ठाण्यातून निघावे.